घर विकण्याआधी किती खर्च करावा?

आजचा विषय जयपूरमधला आहे, पण नागपूर-इंदूरलाही तो लागू पडतो. समजा, मानसरोवरमध्ये वडिलांनी हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं होतं. मुलं पुण्याला, एक बहीण परदेशात. आता घर विकायचं ठरलंय. दलाल सांगतो, "मॉड्युलर किचन करा, मकराण्याचा संगमरवर टाका, भाव वाढेल." करायचं का?

पहिला प्रश्न: घेणारा काय घेतोय, घर की जमीन? स्वतंत्र प्लॉटवरचं जुनं घर अनेकदा पाडून नवे मजले बांधायलाच घेतलं जातं. तिथे तुमचं नवं किचन पहिल्या दिवशी भंगारात जाईल. फ्लॅट असेल, घेणारं कुटुंब लगेच राहायला येणार असेल, तर गोष्ट वेगळी.

दुसरा: कागद. जयपूरमध्ये अनेक वसाहती सोसायटीच्या पट्ट्यावर वसल्या. जयपूर विकास प्राधिकरणाचा, म्हणजे जेडीएचा पट्टा असेल तर गिऱ्हाइकाला बँकेचं कर्ज मिळणं सोपं जातं. वारसांची नावं, थकबाकी नसल्याचा दाखला, मूळ कागद यांवर आधी खर्च करा. कागद अडकले तर फरशी कितीही चकाचक असो, सौदा अडतोच.

तिसरा: दोष आणि हौस यांत फरक करा. गळकं छत, भिंतीला लागलेला लोणा, तुंबलेला नळ, उघड्या वायरी हे दोष. ते पाहून गिऱ्हाईक दुरुस्तीच्या खर्चाहून जास्त रक्कम भावातून कापतं. म्हणून ते दुरुस्त करा. पण ओल मुळातून काढा; नुसता रंग फासून ती लपवणं ही फसवणूक आहे. परकोट्यातली जुनी घरं चुन्याची असतात. तिथे सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. शिवाय परकोटा 2019 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा दर्शनी भागाला हात लावण्याआधी परवानगीची चौकशी करा.

चौथा: कर. साधी रंगरंगोटी सहसा भांडवली नफ्यातून वजा होत नाही. नवी खोली किंवा मजला यांसारख्या कायमच्या सुधारणेचा खर्च होतो. पण बिलं हवीत. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरावर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाई निर्देशांकासह 20 टक्के किंवा त्याविना 12.5 टक्के, यांपैकी कमी पडेल तो कर भरता येतो. अनिवासी बहिणीला ही निवड नाही. हिशोब प्रत्येकाचा वेगळा मांडा.

आणि शेवटचं: खर्च एकानं केला आणि वाटणी सारखी झाली, की घराआधी नाती तुटतात. कोण किती घालणार आणि ते विक्रीतून आधी कसं परत मिळणार, हे भावंडांनी लिहून सह्या करा. मगच गवंड्याला बोलवा.