नव्या शिक्षकाने कोठे बसावे?



जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, आणि जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या कुठल्या ना कुठल्या गावी एखादा नवा शिक्षक नेमणुकीचे पत्र खिशात घेऊन यष्टीतून उतरतो. वर्गात कसे शिकवावे हे बी.एड.च्या वर्गात त्याला सांगितलेले असते. पण मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कोणत्या खुर्चीवर बसावे, हे मात्र कोणी सांगितलेले नसते. आज त्याविषयीच आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

विषय क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. कोणतीही जुनी शाळा घ्या. खिडकीशी गावातच राहणारे शिक्षक बसतात, दाराशी रोज अप-डाउन करणारे. कारण त्यांना गाडी गाठायची असते. एका कोपऱ्यात मुख्याध्यापकांच्या मर्जीतले, तर दुसऱ्यात त्यांच्यावर रुसलेले. पतपेढीची निवडणूक लागली, की या कोपऱ्यांचीच दोन पॅनेले होतात. नवा माणूस सहज म्हणून एखाद्या खुर्चीवर टेकतो, आणि घंटा होण्यापूर्वीच ‘हा कोणाचा?’ याचा निकाल लागलेला असतो.

ही माणसे स्वभावाने वाईट असतात काय? मुळीच नाही. भांडण दिसते चहाच्या वर्गणीचे किंवा बदली तासांचे. मुळाशी असते ते भाकरीचे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आपल्या राज्यात १९७७ साली झाला आणि त्याची नियमावली १९८१ साली आली. या नियमांप्रमाणे सेवाज्येष्ठतेची यादी तयार होते आणि मुख्याध्यापकपद सर्वसाधारणपणे त्या यादीवरून ठरते. कोण कोणत्या तारखेला लागला, कोणाची पदवी कधी झाली, यावर आयुष्यभराची बढती अवलंबून असते. शिवाय शिक्षकांची पदे मंजूर होतात ती विद्यार्थ्यांच्या संख्येवर. पट घसरला, तुकडी बंद पडली, की यादीत खाली असलेला शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. म्हणूनच भर उन्हात शिक्षक दारोदार फिरून मुले गोळा करताना आपण पाहतो. ज्याच्या डोक्यावर अशी टांगती तलवार आहे, त्याचा शब्द कधी कडवट निघाला तर नवल नाही.

तेव्हा नव्या शिक्षकाने पहिली गोष्ट करावी ती ही, की आपले कागद स्वतः पाहावेत. नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याची तारीख, मान्यतेचे पत्र यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. ज्येष्ठतेची यादी सहीसाठी समोर आली, की ती शांतपणे वाचावी आणि हरकत असेल तर लेखी द्यावी. नियमांनीच तशी सोय ठेवलेली आहे. स्वतःच्या हक्कासाठी ज्याला कोणाच्या गटाचा आसरा लागत नाही, त्याला सर्वांशी सरळ बोलता येते.

दुसरी गोष्ट कामाची. आपल्या खानदेशातलेच उदाहरण घ्या. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ साली अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले. मूळ कोकणातल्या पालगडचे. इकडे ना गाव, ना गोत. त्यांनी वसतिगृहाचे काम अंगावर घेतले, मुलांच्या खोल्या स्वतः आवरल्या, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले, पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढले. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे शिक्षकी अवघी सहा वर्षांची! त्या शाळेच्या यादीत त्यांचा क्रमांक कितवा होता, हे आज कोणी विचारत नाही. साने गुरुजी मात्र घरोघरी माहीत आहेत. प्रत्येकाला गुरुजी होता येणार नाही, हे खरे. पण ज्याचा रिकामा तास मुलांत जातो, त्याला कोपरा निवडायला वेळच उरत नाही, एवढे तरी त्यातून घेता येईल.

तिसरी गोष्ट मी पुस्तकात वाचलेली नाही. ती मला महागात पडून कळली.

महाविद्यालयात येण्यापूर्वी मी धुळे जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक होतो. साल २००४. मानधन दरमहा ४००० रुपये, आणि तीन वर्षे पुरी होईपर्यंत जिवाला घोर. ऑगस्टमध्ये एका मधल्या सुट्टीत आमच्या खोलीतल्या एका वडीलधाऱ्या सरांनी माझ्यापुढे कागद सरकवला.

“सर, एवढी सही करून टाका. सगळ्यांनी केली आहे.”

कागद पर्यवेक्षकांविरुद्ध होता. ते शाळेत उशिरा येतात, असे त्यात लिहिले होते. मी त्यांना एकदाही उशिरा आलेले पाहिले नव्हते. उलट मी फाटकात शिरे, तेव्हा त्यांची सायकल आधीच लिंबाखाली उभी असे. तरी मी सही केली. का? तर माझा चहा त्या कोपऱ्यात येत होता म्हणून.

पुढे चौकशी झाली. संस्थेच्या मंडळींनी एकेकाला विचारले, “हे तुम्ही स्वतः पाहिले काय?” मी म्हणालो, “सगळ्यांनी सही केली, म्हणून मीही केली.” पर्यवेक्षक समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे माझा पाठ पाहायला वर्गात आले. आता हे सूड उगवणार, असे वाटून माझा हात थरथरत होता. तास संपल्यावर ते हलकेच म्हणाले, “भाऊ, फळ्यावरचं अक्षर थोडं मोठं काढत जा. मागच्या बाकावरच्या पोरांना दिसत नाही.” बस, एवढेच.

म्हणून तरुण शिक्षकमित्रांना माझे सांगणे आहे. जे डोळ्यांनी पाहिले नाही त्यावर सही करू नका, आणि एका कोपऱ्यातला शब्द दुसऱ्या कोपऱ्यात नेऊ नका. मात्र अलिप्त राहणे म्हणजे मुके होणे नव्हे. मुलामुलींच्या जिवाला किंवा अब्रूला धक्का लागत असेल, त्यांच्या हक्काचे पैसे कोणी खात असेल, तर एकट्याने उभे राहून बोला. तेथे कोणाचीही मर्जी पाहू नका.

राहता राहिला खुर्चीचा प्रश्न. आज या खुर्चीवर, उद्या त्या खुर्चीवर, असे सर्वांजवळ बसावे. चार दिवस लोक संशयाने पाहतील; पुढे सवय होईल.

ते पर्यवेक्षक दुसऱ्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात हार घालायला मीही पुढे झालो होतो. माफी मागायचे मनात होते. पण मागे रांग होती, आणि ते राहून गेले. फळ्यावर मी आजही अक्षर मोठे काढतो.