निरोप आला होता



आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, की शेवटची पंधरा मिनिटं आम्ही एखाद्या विषयावर बोलतो. मागच्या बैठकीत एकीच्या लेकीनं विचारलं, "टायटॅनिक बुडालं कशानं?" आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "हिमनगावर आदळून!" पण माहिती काढली, तेव्हा कळलं की हिमनग हे शेवटचं कारण होतं. त्याआधीची कारणं माणसांनीच तयार केली होती.

साल 1912. इंग्लंडहून न्यूयॉर्कला निघालेल्या टायटॅनिकची ती पहिलीच फेरी. 14 एप्रिलला दिवसभर दुसऱ्या जहाजांकडून बिनतारी यंत्रावर निरोप येत होते, पुढं बर्फ आहे. काही निरोप कप्तानापर्यंत गेले. 'मेसाबा' जहाजाचा रात्रीचा महत्त्वाचा निरोप मात्र जहाज हाकणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचलाच नाही. मग जवळच्या 'कॅलिफोर्नियन'नं कळवलं, आम्ही बर्फात थांबलोय. टायटॅनिकचा यंत्रचालक प्रवाशांच्या खासगी तारा पाठवण्यात गुंतला होता. त्यानं समोरच्याला गप्प केलं. थोड्या वेळानं कॅलिफोर्नियनचा एकुलता एक यंत्रचालक यंत्र बंद करून झोपला.

हवा स्वच्छ असेल तर वेग कमी करायचा नाही, अशीच तेव्हाची रीत. जहाज ताशी सुमारे 40 किलोमीटरनं धावत होतं. आकाशात चंद्र नव्हता. समुद्र इतका शांत, की हिमनगाच्या पायथ्याशी लाट फुटून फेसही दिसेना. रात्री 11:40 ला हिमनग दिसला, तेव्हा वळायला वेळच उरला नव्हता.

जहाजाचं पोट 16 कप्प्यांत विभागलेलं होतं. पुढचे चार कप्पे भरले तरी ते तरंगलं असतं. पण हिमनग उजव्या कुशीला घासत गेला आणि त्याहून जास्त कप्प्यांत पाणी शिरलं. कप्प्यांमधल्या भिंती पुरेशा उंच नव्हत्या. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे नळाखाली तिरका धरला, की एक खण भरून पाणी पुढच्या खणात जातं. तसंच झालं. दोन तास चाळीस मिनिटांत जहाज तळाला गेलं.

जहाजावर सुमारे 2,200 माणसं होती. जीवरक्षक होड्या 20, त्यात जागा 1,178. आणि मैत्रिणींनो, यात कायदा मोडलेला नव्हता! 1894 च्या जुन्या नियमात 10,000 टनांवरच्या जहाजाला 16 होड्या पुरेशा होत्या. टायटॅनिक होतं 46,000 टनांचं. कागद बरोबर होता, होड्या कमी होत्या. त्यातही 65 जणांची पहिली होडी तिशीच्या आत माणसं घेऊन उतरवली.

'बायका-मुलं आधी' असा हुकूम होता. तरी पहिल्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या बायका वाचल्या आणि तिसऱ्या वर्गातल्या निम्म्याच. हे ऐकून आमच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

कॅलिफोर्नियनवरून आकाशात उडालेले अग्निबाण दिसले होते. पण झोपलेल्या यंत्रचालकाला पहाटेपर्यंत कुणी उठवलं नाही. 'कार्पेथिया' जहाज लांबून धावत आलं आणि सुमारे 700 जणांना घेऊन गेलं. सुमारे 1,500 माणसं गेली. मग 1914 साली देशांनी मिळून ठरवलं, प्रत्येक माणसाला होडीत जागा हवी आणि बिनतारी यंत्रावर रात्रंदिवस कान हवा.

हे बोलताना आम्हाला आमचीच चूक आठवली. गेल्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडणार, नदीकाठच्या मोटारी वर घ्या, असा निरोप मोबाईलवर आला. अकरा जणींनी वाचला. जिच्याकडे साधा फोन, तिला दुसरी कुणी सांगेल असं प्रत्येकीला वाटलं. तिची मोटार वाहून गेली. आम्ही गटातून भरपाई केली, आणि तेव्हापासून निरोप आला की कोणी कोणाच्या घरी जाऊन सांगायचं, हे वहीत नावानिशी लिहिलंय.

तुमच्या गटातही ही यादी करा. निरोप वाचून भागत नाही. तो ज्याचा आहे, त्याच्या दारात पोचवावा लागतो.