उपचारांची मर्यादा

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ज्यांनी एखादी रात्र काढली असेल, त्यांना या विषयाची ओळख करून द्यावयास नको. आत आपले माणूस निश्चेष्ट पडलेले असते, यंत्र त्याच्या छातीत हवा भरीत असते, आणि पहाटेच्या सुमारास डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, ‘यंत्र चालू ठेवायचे का?’ मुलाची जीभ अडखळते. होय म्हणावे तर आईचे हाल वाढतात. नाही म्हणावे तर आपणच तिला लोटले, हा सल जन्मभर राहतो. या कोंडीचा विचार ज्या परंपरांनी शतकानुशतके बारकाईने केला, त्यांत कॅथलिक परंपरेचा समावेश होतो. तिचे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही. परंतु तिने प्रश्नाची केलेली फोड सर्वांनी समजून घ्यावी अशी आहे.

सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका विद्यापीठात फ्रांसिस्को दे व्हितोरिया हे डोमिनिकन धर्मशास्त्री शिकवीत असत. प्राण राखणे हे कर्तव्य खरे, पण त्यासाठी मनुष्याने कोठवर जावे, हा प्रश्न त्यांनी घेतला. वैद्याने कोंबडी व तित्तिराचे मांस खा म्हणून सांगितले, तरी रोग्याने साध्या अन्नावर राहणे हे पाप नव्हे, असा त्यांचा निर्वाळा होता. याच विचारातून पुढे ‘साधारण’ आणि ‘असाधारण’ साधने हा भेद रूढ झाला. साधारण साधने वापरणे हे कर्तव्य; असाधारण साधने वापरण्याची मोकळीक आहे, सक्ती नाही.

हा भेद ग्रंथांतच राहिला असता. पण काळाने त्याला रुग्णालयात आणून उभे केले. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. रोग्यांच्या श्वासनलिकेत नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हातांनी पिशव्या दाबीत त्यांचा श्वास चालू ठेवला. पुढे ते काम यंत्र करू लागले. आणि यंत्र तर थकत नाही! तेव्हा इन्सब्रुक येथील एका भूलतज्ज्ञाने धर्मपीठालाच प्रश्न विचारले. 24 नोव्हेंबर 1957 रोजी पोप बारावे पायस यांनी उत्तर दिले. व्यक्ती, स्थळ, काळ आणि संस्कृती पाहून जी साधने रोग्यावर अथवा इतरांवर जड भार टाकीत नाहीत, तेवढीच वापरणे बंधनकारक आहे. आशा संपली असता यंत्र काढण्यास हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र जाणूनबुजून प्राण घेणे आणि निष्फळ उपचार थांबवणे यांतील रेषा त्यांनी पुसली नाही.

या उत्तराची कसोटी अमेरिकेत लागली. एप्रिल 1975 मध्ये न्यू जर्सी राज्यातील कॅरन ॲन क्विनलन ही एकवीस वर्षांची मुलगी बेशुद्ध झाली, ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. तिचे आईवडील निष्ठावंत कॅथलिक. त्यांनी आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घेतला आणि मग श्वासयंत्र काढण्याची विनंती केली. ती ज्या सेंट क्लेअर रुग्णालयात होती, तेही कॅथलिकच होते. तरी डॉक्टरांनी नकार दिला. तेथील बिशपांनी आईवडिलांची बाजू उचलून धरली. ग्रंथांत मोकळीक होती, पण यंत्राच्या कळीवर हात ठेवण्यास कोणी धजेना. खालच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला. 31 मार्च 1976 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि अशा वेळी रुग्णालयाच्या नीतिसमितीचे मत घ्यावे, असे सुचविले.

पुढे जे घडले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. यंत्र काढल्यावरही कॅरन स्वतःच श्वास घेऊ लागली, आणि जून 1985 पर्यंत जगली. नळीतून दिले जाणारे अन्न बंद करा, असे आईवडील कधीही म्हणाले नाहीत. त्यांनी मुलीचे मरण मागितले नव्हते. यंत्राचा भार उतरविला होता. पुढे 2004 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनीही अन्नपाणी हे तत्त्वतः उपचार नसून शुश्रूषेचाच भाग आहे, असे मत दिले. त्यावर धर्मशास्त्र्यांत वाद झाला.

आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर 1973 मधील हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षांजवळ तेथेच पडून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे, अशा याचनेचा निकाल 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. ज्या परिचारिका त्यांना भरवीत, कूस बदलवीत, त्याच त्यांच्या खऱ्या आप्त आहेत, असे मानून न्यायालयाने ती नाकारली. पण निष्फळ उपचार थांबविण्याचा मार्ग तत्त्वतः खुला केला. 2018 च्या निकालाने मनुष्याला आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवता येऊ लागली, आणि 2023 साली त्याची रीत सोपी झाली. आता रुग्णालयातील डॉक्टरांचे एक मंडळ व त्यावर दुसरे मंडळ मिळून निर्णय पडताळून पाहतात.

तरीही एक धोका सांगितलाच पाहिजे. भार मोजताना पैशाचाही भार मोजावा लागतो, हे पोपांच्या शब्दांतून निघते. आपल्या देशात एका आजारपणापायी शेत गहाण पडते, हे कोण नाकारील? म्हणून गरिबाच्या आईचे यंत्र लवकर काढावे आणि श्रीमंताच्या आईचे उशिरा, असा अर्थ झाला तर तो विवेक नव्हे, अन्याय होईल. उपचार निष्फळ ठरला म्हणून थांबणे वेगळे, आणि तो परवडत नाही म्हणून थांबावे लागणे वेगळे. दुसऱ्याला पहिल्याचे नाव देऊ नये. त्याचे उत्तर समाजानेच दिले पाहिजे.

आणि आपण काय करावे? आपल्या माणसांशी हे बोलणे शुद्ध असताना, जेवणानंतरच्या शांत वेळी, करून ठेवावे. तसे केले असेल, तर बाकावरच्या त्या पहाटे मुलाला आईच्या वतीने अंदाज बांधावा लागणार नाही. त्याला केवळ तिचे शब्द आठवावे लागतील. यंत्र थांबले तरी तिचे ओठ ओले करणारा आणि हात हातात घेणारा कोणी जवळ असावा. शुश्रूषेला मात्र मर्यादा नाही.