गंजलेल्या नळ्या आणि त्यांवरील पट्ट्या



घरचा नळ गळू लागला की आपण त्यावर चिंधी गुंडाळून एम-सील थापतो. मोठ्या कारखान्यांतही आज असेच काही करतात. मात्र तेथे ते शास्त्राने करावे लागते, कारण प्रश्न माणसांच्या जिवाचा असतो.

मुंबई हायचे उदाहरण घ्या. 1974 मध्ये तेथे तेल सापडले, 1976 मध्ये ते निघू लागले. समुद्रातील त्या फलाटांवर पोलादी नळ्यांचे जाळे आहे. जेथे लाटांचे तुषार आणि हवा एकत्र येतात, तेथे गंज सर्वांत वेगाने चढतो. नळी पातळ झाली की तुकडा कापून नवा जोडावयाचा, हा जुना मार्ग. त्यासाठी काम बंद ठेवावे लागते; शिवाय वायूशेजारी वेल्डिंगची ठिणगी म्हणजे काय, हे कामगाराला सांगावे लागत नाही. 27 जुलै 2005 रोजी जहाजाच्या धडकेने तेथील वायूची नळी फुटली आणि 22 माणसे गेली. ते कारण गंजाचे नव्हते; पण फुटलेली नळी काय करू शकते, ते त्या दिवशी दिसले.

वेल्डिंगवाचून दुरुस्ती होते ती अशी. गंज खरवडून पोलाद स्वच्छ करावयाचे, खड्डे लांबीने भरावयाचे, मग काचतंतूंचे कापड इपॉक्सी राळेत भिजवून थरावर थर गुंडाळावयाचे. राळ कडक झाली की दाबाचा भार पट्टीही उचलते. कार्बनतंतू अधिक ताठ असतात. पण खाऱ्या पाण्यात कार्बन पोलादाला भिडला तर पोलादच झिजते, म्हणून मध्ये काचेचा थर हवा. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा नळ पोलादी पेट्रोलनळाला भिडला होता. तेथे असाच गंज लागून गळती झाली, आणि 22 एप्रिल 1992 च्या स्फोटांत 200 हून अधिक माणसे मेली.

पट्टी बाहेरचा गंज थोपवते. आतला चालूच राहतो, आणि झाकल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. आंतरराष्ट्रीय मानक 24817 अशा पट्टीचे आयुष्य आधीच ठरवावयास सांगते. ते फार तर 20 वर्षे. ओल्या पोलादावर पट्टी चढवली, किंवा राळ कडक होण्याआधी दाब सोडला, तर ती निसटते. पट्टी गुंडाळणारा पुष्कळदा कंत्राटी कामगार असतो. घाई करा, असे सांगणारा दूर असतो.

भोपाळनंतर, 1987 मध्ये, कामगाराला धोक्याची माहिती मिळावी अशी तरतूद कारखाना कायद्यात आली. तेच तत्त्व येथे लावा. प्रत्येक पट्टीवर तारीख व मुदत लिहा, नळीच्या जाडीची मोजणी कामगारांना दाखवा, आणि गुंडाळणाऱ्याला शिक्षण व पुरेसा वेळ द्या. या मागण्या पगारवाढीच्या नाहीत. पण संघटनेने त्या तितक्याच नेटाने मांडल्या पाहिजेत.