नको ती पत्रकं, हवं ते पत्र

आम्ही कुर्ल्याच्या एका महिला बचत गटातून बोलतोय. आजचा विषय रोजचाच आहे. घरात न मागता येणारे कागद आणि फोनवर न मागता येणारे मेसेज.

सकाळी पेपर उघडला की मांडीवर चार पत्रकं पडतात. क्लास, फर्निचर, पाणी गाळायचं मशीन, बिनव्याजी हप्ते. जिन्यातल्या पत्रपेटीत पुन्हा तेच. नेहरूनगरच्या इमारतींत निदान पेट्या तरी आहेत. पश्चिमेला चाळीत कागद दाराच्या फटीतून आत सरकवतात, नाहीतर कडीला अडकवतात. कागदच तो, काय बिघडतं? आम्हीही असंच म्हणायचो.

मग एका जूनमध्ये आमच्या गटाच्या खात्यातून पैसे निघेनात. बँकेत गेलो तर कळलं, केवायसीची कागदपत्रं द्या म्हणून पत्र पाठवलं होतं. ते आमच्या सचिवताईंच्या पत्त्यावर आलं होतं. त्यांची पेटी पत्रकांनी गच्च भरलेली. एका रविवारी घरच्यांनी न बघता सगळा गठ्ठा रद्दीत घातला, त्यातच ते पाकीट गेलं असणार. खातं सुरू व्हायला अठरा दिवस लागले. ऐन शाळा उघडायचे दिवस, आणि गटातून कुणालाच कर्ज देता आलं नाही.

आमच्या एका ताईंना मुलीच्या फीसाठी आठ हजार हवे होते. त्यांनी पेपरातून पडलेल्या एका पत्रकावरचा नंबर लावला. 'फक्त आधार कार्डावर कर्ज, एका तासात.' पलीकडच्यानं आधी दोन हजार फाइल चार्ज मागितला. ताईंनी भरला. दुसऱ्या दिवशी तो फोन बंद. लाजेपायी चार दिवस त्या कुणाला बोलल्या नाहीत. ते दोन हजार परत आले नाहीत. आम्हाला पैशापेक्षा ते चार दिवस जास्त लागले, कारण आम्ही दर शनिवारी एकमेकींसमोर बसतो आणि तरी त्यांना सांगता आलं नाही.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये आम्ही हाच विषय घेतला. काय काय केलं ते सांगतो.

आधी कागद. पेटीवर ठळक मराठीत आणि हिंदीत लिहून चिकटवलं, 'जाहिरातीची पत्रकं टाकू नयेत.' वॉचमनदादांनाही सांगितलं. कागद बंद झाले नाहीत, पण खूप कमी झाले. पेपरवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, पहाटे थप्पीच्या थप्पी भरतो, तुमचा एक अंक वेगळा कसा ठेवू?" त्यांचंही खरं आहे, त्या भरणीचे त्यांना चार पैसे मिळतात. म्हणून आम्ही पेपर दारातच झटकतो आणि पत्रकं तिथूनच सुक्या कचऱ्यात टाकतो. पेटी रोज उघडायची, आठवड्याची साठवायची नाही. आणि नाव-पत्ता लिहिलेलं पाकीट फोडल्याशिवाय रद्दीत टाकायचं नाही. आपण घरी नसलो की स्पीड पोस्टसाठी पोस्टमन सूचनेची चिठ्ठी ठेवून जातो. तीही पत्रकासारखीच दिसते, ती नीट वाचा.

आता फोन. त्यासाठी नंबर आहे १९०९. या नंबरवर फोन करा, किंवा इंग्रजीत स्टार्ट लिहून, एक जागा सोडून शून्य लिहा आणि मेसेज पाठवा. जाहिरातीचे फोन आणि मेसेज थांबवा अशी आपली नोंद होते. बऱ्याच जणी घाबरतात की मग बँकेचा ओटीपी येणार नाही. तसं होत नाही. ओटीपी आणि खात्यातल्या व्यवहाराचे मेसेज येतच राहतात. सगळं बंद नको असेल, तर फक्त कर्ज-विमा किंवा फक्त घरांच्या जाहिराती, असंही निवडता येतं.

तरीही जाहिरात आली तर तक्रार १९०९ वरच करायची. पूर्वी त्यासाठी तीन दिवस मिळायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं नियम बदलले, आता सात दिवस मिळतात. नोंद केलेली नसली तरी नोंदणी नसलेल्या जाहिरातदाराच्या फोन-मेसेजची तक्रार करता येते. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी पी दिसला तर ती जाहिरात, जी असेल तर सरकारी मेसेज. आमच्या सातवी शिकलेल्या काकूसुद्धा आता शेवटचं अक्षर बघूनच मेसेज उघडतात.

तिसरी गोष्ट, आपला नंबर बाहेर जातो कुठून? लकी ड्रॉचं कुपन, प्रदर्शनातला फॉर्म, दुकानातलं बिल. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना बजावलं होतं, बिलासाठी गिऱ्हाइकाकडे मोबाईल नंबराचा आग्रह धरू नका. तेव्हा काउंटरवर हसून म्हणायचं, "दादा, नंबर नको, कागदाचं बिल द्या." पहिल्यांदा जीभ अडखळते, पुढच्या वेळी नाही.

आणि कर्जाचं पत्रक हातात आलंच, तर एवढं लक्षात ठेवा. कर्ज देण्याआधी जो पैसे मागतो, त्याला पैसे द्यायचे नाहीत. आधी गटात विचारा. चुकून पैसे गेलेच, तर त्याच तासाला १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मध्येच अडवायची शक्यता जास्त. आमच्या ताईंचे चार दिवस तिथेच नडले.

आता आमच्या मीटिंगमध्ये हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं यासाठीच ठेवतो. कुणाला काय आलं, कुणाचा फोन आला, सगळ्या सांगतात. कधी हसतो, कधी एखादीला वेळेवर थांबवतो. त्या ताई आता सगळ्यांत आधी बोलतात. पत्रक वर धरून म्हणतात, "बघा गं, परत तोच आलाय."

तुमच्या गटातही ही पाच मिनिटं ठेवा. आणि आज घरी गेल्यावर आधी पत्रपेटी उघडून बघा.