दुरुस्तीतील चूक आणि हमीची किंमत



कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या अँबेसेडरचे इंजिन साधा मिस्त्रीही मालकासमोर उघडीत असे. आजची मोटार सेवा केंद्राच्या दारामागे जाते. तेथे तेल बदलताना चेंबरचा नट सैल राहिला, तर तेल गळते, बेअरिंग घासतात आणि इंजिन जाम होते. सेवा केंद्र चालकाला दोष देते. उत्पादक हमीपत्रातील अपवाद दाखवितो. टॅक्सीचालकाचे उत्पन्न थांबते, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारासंदर्भात मांडलेली माहितीची विषमता येथेही आढळते. गोव्यातील एका विक्री-प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले, की विक्रेत्याच्या चुकीची माहिती उत्पादकाला होती हे सिद्ध झाल्याविना तो जबाबदार ठरत नाही. म्हणून तक्रारीत सेवा केंद्रालाही प्रतिपक्ष करणे हिताचे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत, आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते आणि आयोग सदोष वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करवू शकतो.

हमीचे मोल ग्राहकाने खरेदीच्या वेळीच चुकविलेले असते. ते वसूल करण्यासाठी जॉब कार्ड, देयके आणि बदललेले सुटे भाग त्याच्या हाती असलेच पाहिजेत.