शिफारशीची भाकरी

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



नोकरीच्या ठिकाणचे अनुभव चार शब्दांत सांगावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आमची उमेदीची वर्षे मुंबईच्या गिरणगावात गेली. तेव्हा बोलावयाचे ते गिरणीविषयीच.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढे कोकणातून आणि घाटावरून माणसे येत राहिली. त्यांना कामावर घेणारा गिरणीचा मालक नव्हे, तर मुकादम अथवा जॉबर. भरती त्याच्या हाती, बढती त्याच्या हाती आणि घरी बसविणेही त्याच्याच हाती. त्याबद्दल तो दस्तुरी घेई. पण अडल्यावेळी उसने पैसे देई, गावच्या गाळ्यात पथारीपुरती जागाही मिळवून देई. त्यामुळे त्याची जरब आणि त्याचे उपकार ही दोन्ही एकाच माणसाची दोन अंगे झाली होती.

कामगारांची पहिली गाऱ्हाणी किती साधी होती, हे आजच्या तरुणांनी ऐकावे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरवून केलेल्या मागण्यांत या होत्या : आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. त्यांतील रविवारची सुटी मिळण्यास १८९० साल उजाडले. आज आपण ज्या रविवारी येथे निवांत जमलो आहोत, त्यामागे ही सहा वर्षांची खटपट आहे.

परंतु गाऱ्हाणी केवळ मालकाविरुद्ध नव्हती. विणकाम खात्यात पगार बरा. तेथे मात्र अस्पृश्य मानलेल्या बांधवांस मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे! त्यांना हे खाते खुले व्हावे, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ही बंदी मालकाइतकीच शेजारच्या मागावरील कामगारालाही हवी होती, हे कटू असले तरी सत्य आहे.

आता स्वतःविषयी. १९७४ साली परळच्या एका गिरणीत आम्ही हजेरी मांडणारे कारकून म्हणून लागलो. लावून घेतले ते आपल्याच ज्ञातीतील एका वजनदार मुकादमाने. दररोज पाळीच्या वेळी बदली कामगार दारात उभे राहत. कोणी कायम कामगार गैरहजर राहिला, तरच त्यांच्यातील एकास काम. नाहीतर हात हालवीत घरी. एका सकाळी विणकाम खात्यात चार जागा रिकाम्या होत्या. मुकादमाने चार नावे पुकारली. तीन आपल्या ज्ञातीची, चौथे त्याच्या गावचे. एक वयस्क बदली पुढे आला आणि आम्हांला म्हणाला, "मास्तर, माझे कार्ड यांच्या आधीचे आहे ना?" वही आमच्या हातातच होती. त्याचे म्हणणे खरे होते. आम्ही मान वर न करता म्हणालो, "मुकादमांना विचारा."

तो काही न बोलता निघून गेला. आज इतकी वर्षे लोटली, तरी ती चार अक्षरांची "खरे आहे" अशी साक्ष आम्हांला का देता आली नाही, याचा विचार मनातून जात नाही. उत्तर एकच. ज्याच्या शब्दाने भाकरी मिळाली, त्याच्या शब्दाविरुद्ध तोंड उघडत नाही. पुढे आमचीच वेतनवाढ दोन वर्षे अडली, तेव्हाही आम्ही गप्पच होतो. गाऱ्हाणे नेणार कोणाकडे? ज्यांच्याकडे न्यावयाचे, त्यांचेच आम्ही ऋणी!

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढीबरोबरच बदलींना कायम करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. एक लाखाहून अधिक लोकांचे काम मात्र कायमचे गेले. त्यांत आम्हीही होतो, आमचा मुकादमही होता. त्याच्यासाठी शब्द टाकणारे तेव्हा कोणी उरले नव्हते.

गिरण्यांच्या जागी आज मनोरे उभे आहेत. आपली मुले-मुली त्यांतील कचेऱ्यांत जातात. कित्येकांची नेमणूक कंत्राटदारामार्फत होते. जॉबर गेला, पण 'आपला माणूस आहे, सांभाळून घ्या' हे वाक्य गेलेले नाही. आपल्या मंडळाकडेही अशा चिठ्ठीसाठी पालक येतात, हे आपण सारे जाणतो.

म्हणून आमची नम्र सूचना आहे. मंडळाने शिफारसपत्र देण्याऐवजी जाणकार सभासदांची एक छोटी समिती नेमावी. नेमणूकपत्र हाती घेतल्याविना कामावर रुजू होऊ नये, पगारपत्रकातील प्रत्येक कपात समजून घ्यावी, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा होतो की नाही ते पाहावे, कोऱ्या कागदावर सही करू नये, एवढे तिने मुलांना शिकवावे. आणि शेजारच्या टेबलावरील परक्या सहकाऱ्यावर अन्याय होत असेल, तर वही उघडून खरे ते सांगावे, हेही शिकवावे.

जे आम्हांला त्या सकाळी साधले नाही, ते आमच्या नातवंडांना साधो, एवढीच इच्छा आहे.